इंजिन बंद ठेवणारे भाऊजी

कोणत्याही प्राण्याला त्याच्या परवानगीवाचून पाहू नये, असे मानणारा माणूस साऱ्या बालाघाट जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. हे आमचे भाऊजी वनखात्याच्या कचेरीत नोकरीला होते. जंगलाचे शिष्टाचार त्यांनी घरीही लागू केले होते. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर एकदा वानरे उतरली, तेव्हा ताई काठी घेऊन धावली. भाऊजींनी तिला जिन्यातच अडवले. "अवं, थांब! खातपीत असताना कोणाले उठवू नये." वानरांचे जेवण सावकाश आटोपले आणि ताईला पुन्हा उडीद दळून आणावे लागले.

कान्हाच्या जंगलात ते ताईला अनेकदा घेऊन गेले. जाताना मातकट लुगडे नेसायचे, पावडर लावायची नाही, बांगड्या वाजवायच्या नाहीत. वाघ दिसल्याची कुणकुण लागताच इतरांच्या जिपा तिकडे सुसाट निघत. यांची मात्र इंजिन बंद करून सागाच्या झाडाखाली उभी राही. परिणामी ताईने आजवर पाहिलेली वन्यसृष्टी म्हणजे मुख्यत्वे इतरांच्या जिपांनी उडवलेली धूळ.

निवृत्तीनंतर, दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात, त्यांनी डॉल्फिन पाहण्यासाठी कोकणात जायचे ठरवले आणि मलाही सोबत घेतले. गोंदियाला गाडीत बसताना ताई शांतपणे म्हणाली, "अवो, या खेपेलेही काही नाही दिसलं, तं यापुढं तुम्ही एकटेच जात जा. मी घरी राहीन." ती रागावली असती तर आम्ही हसलो असतो; पण ती रागावलेली नव्हती. भाऊजी नागपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

किनाऱ्यावर त्यांनी होडीवाल्यांची तोंडी परीक्षाच घेतली. डॉल्फिनच्या समोरून होडी नेता की बाजूने? मादी आणि पिल्लू यांच्यामध्ये शिरता काय? खायला काही टाकता काय? बहुतेकांनी पाठ फिरवली. एकजण मात्र म्हणाला, "तुम्ही सांगाल तिथे थांबतो. माझे डिझेल वाचेल." त्याची निवड झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डॉल्फिन हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा वर यावेच लागते. जो थांबेल त्याला तो दिसेल, एवढाच भाऊजींचा हिशेब होता.

परंतु समुद्रात डॉल्फिनचा एक कळप वर येताच बाकीच्या होड्या शिट्ट्या वाजवत त्याच्यावर धावल्या. करड्या पाठी पांगल्या आणि बघता बघता दूर गेल्या. आमची होडी इंजिन बंद करून डुलत होती. ताईने पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि मान खाली घातली.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिले. मग, त्यांच्या तोंडून मी कधी ऐकेन असे वाटले नव्हते ते, हलक्या आवाजात होडीवाल्याला म्हणाले, "चालू करा इंजिन. घ्या त्यायच्या मागं."

होडीवाल्याने इंजिनाच्या दोरीला हात घातला, तोच ताई कडाडली, "काहून? ते पाहा, पिल्लू एकटंच राह्यलं इकडं! त्याची माय तिकडं हाकलली त्या लोकायनं. मशीन लावसान तं ते कुठं जाईन? बसा चूप!"

खरोखरच, थोड्या अंतरावर एक लहानशी पाठ गोंधळून गोल फिरत होती. आम्ही श्वास रोखून बसलो. होड्या कंटाळून किनाऱ्याकडे वळल्या आणि पाणी निवले. मग आमच्या अगदी कडेला फुस्स असा आवाज झाला, ताईच्या चष्म्यावर तुषार उडाले, आणि एक मोठी करडी पाठ आमच्यापासून सरळ पिल्लाकडे गेली. पुढच्या खेपेला त्या दोन्ही पाठी एकमेकींना लागूनच वर आल्या.

"सापडली वं माय त्याले," ताई म्हणाली. भाऊजींनी इतका मोठा सुस्कारा टाकला की होडीवाला हसला.

"दिसलं नं तुले?" त्यांनी भीत भीत विचारले.

"हौ. दिसलं. चला आता, राहू द्या त्यायले."

परतताना भाऊजींनी कोणालाही एकही सूचना केली नाही.

त्यानंतर ती दोघे बरीच हिंडली. आता भाऊजींना लांबचे दिसत नाही. संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर ताई त्यांना पाण्यावर काय चालले आहे ते सांगत बसते. बगळा उडाला की ती म्हणते, "गेला तो." आणि भाऊजी तिचा हात धरून म्हणतात, "जाऊ दे."