टोकाला ठेवलेली भैरवी

नातवाचं नवं दप्तर उघडलं, की कोऱ्या प्लास्टिकचा वास येतो आणि मला आमचं सांगलीचं घर आठवतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आमच्या मालकांनी पुण्याहून सीडी प्लेअर आणि शास्त्रीय गाण्यांच्या सीडींचं खोकं आणलं होतं, त्यालाही असाच वास होता. ते त्यांच्या वडिलांसाठी, माझ्या मामंजींसाठी. त्यांना गाण्याचं वेड, पण अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. माझी शाळा चौथीपर्यंतच, सीडीवरचं इंग्रजी मला वाचता येईना. मग मी एकेक सीडी वाजवायची, मामंजी खाटेवरून राग ओळखायचे आणि ते सांगतील तशी मी ती फडताळात ठेवायची. सकाळचे राग वरच्या फळीवर, संध्याकाळचे खालच्या. भैरवी मात्र वेगळी, अगदी टोकाला. भैरवी झाली की मैफल संपली, मग काही लावायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पुढं त्यांचं दुखणं वाढलं आणि मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर ते जेवेनात. एका सकाळी म्हणाले, "पोरी, भैरवी लाव." मी म्हणाले, "आवं मामा, ती शेवटाला असती न्हवं?" "व्हय. म्हणूनच लाव." त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती, पण बोलून गेले, "मग खालच्या फळीवरचं कोण ऐकणार? मला एकटीला त्यातलं काय कळतंय?" त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "लय बोलाय लागलीस. बरं, तोडी लाव. आन् वाईच पेज आण." दिवाळीनंतर ते झोपेतच गेले, भैरवी राहूनच गेली. आता साताऱ्यात ती सीडी माझ्या कपाटात आहे. आपणहून लावायचा धीर मला अजून होत नाही.