पाठीला पाठ

शेंडेभाऊ हिशेबाला बसले की माझ्याकडे पाठ करून बसत. मीही त्यांच्याकडे पाठ करून बसायचो. एकच गणित दोघांनी वेगवेगळं सोडवायचं, मग वळून आकडे ताडून पाहायचे. जुळले तरच वहीत. "तुह्या कागदाकडे मी पाह्यलं, त मंग दोन माणसं बसून काय फायदा?" असं ते बजावत.

पन्नास सालानंतरचं नागभीड. तिथल्या हायस्कुलात मी गणित शिकवायचो, ते केमिस्ट्री. तळ्यात मासे धरणाऱ्या धीवराचा हा मुलगा नागपूरहून डॉक्टरेट घेऊन आलेला, तीही क्वांटम केमिस्ट्रीत. ना बाटली, ना बर्नर. रेणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतात ते नुसतं आकडेमोडीनं काढायचं. हेडमास्तर चिडवायचे, "डॉक्टर, तुमच्या केमिस्ट्रीला वासच येत नाही हो!" भाऊ हसून म्हणत, "इलेक्ट्रॉन नाकानं नाई सापडत, सर. कागदावर पकडा लागते."

एके दिवशी विलायतेच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांच्याकडे डॉक्टरेट झालेल्यासाठी दोन वर्षांची संशोधनाची एक जागा होती. अट इतकीच, की एका रेणूचं संपूर्ण गणित स्वतः सोडवून पाठवा. भाऊंनी पत्र शाळेच्या व्हरांड्यात तीनदा वाचलं आणि मला म्हणाले, "इथी मले हे बोलाले तू एकटा हायेस, गड्या. तिथी घरभर माणसं हेच बोलत असतीन."

तिकडे म्हणे आकडेमोडीची यंत्रं होती. इकडे लॉगटेबलं आणि आम्ही दोघं. चार महिन्यांचे सगळे रविवार पाठीला पाठ लावून गेले. शेवटच्या रविवारी नेमकी गावात मंडईची जत्रा भरलेली. बाहेर ढोलकी, जिलबीचा वास, आणि माझ्यापुढे आकड्यांचं शेवटचं पान. माझा जीव तिकडे. तेवढ्यात भाऊंचे वडील मासे घेऊन दाराशी आले आणि भाऊ उठून बाहेर गेले. मी मान वळवली. त्यांच्या पानावरचे आकडे भराभर माझ्या पानावर उतरवले.

"जुळलं रे जुळलं!" परत आल्यावर भाऊंनी मांडीवर थाप मारली. मी मंडईला पळालो.

उत्तर उन्हाळ्यात आलं. पद्धत उत्तम आहे, पण शेवटच्या पानावर एका आकड्याचं चिन्ह उलटं पडलंय, त्यामुळे उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. जागा दुसऱ्याला दिली आहे. भाऊंनी पेटीतून आमची दोन्ही पानं काढली, शेजारी शेजारी ठेवली आणि ओळीन् ओळ ताडून पाहिली. आता हा माणूस माझी गचांडी धरणार, असं वाटलं. धरली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "चाल, तास हाये."

पुढे त्यांनी दोनदा अर्ज केले, कुठूनही ओळ आली नाही. वर्गात शिकवता शिकवता ते मध्येच थांबत. संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर काडीनं मातीत काहीतरी लिहीत आणि पायानं पुसत. एकदा मला म्हणाले, "दिमाग सडून राह्यला, गड्या. आता मी कोणाशी बोलू?" तरी रविवारी मला बोलावत, नवं गणित देत आणि पूर्वीसारखेच पाठ करून बसत. त्या पाठीला टेकून मी दीड वर्ष गप्प बसलो. कसला नालायक माणूस मी!

मग माझी बदली झाली. भाऊ स्टेशनावर सोडायला आले. गाडी सुटायच्या बेतात खिडकीचा गज धरून हळूच म्हणाले, "दोघं जणं चुकतेत. पन एकाच ओळीत, एकाच आकड्यावर, सारखेच नाई चुकत."

मी खिडकीशी वाकलो. "तुम्हाला... पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशीन म्हनून थांबलो होतो."

गाडी हलली. ते गजाला धरून चार पावलं चालत आले, माझ्या तोंडाकडे बघत. मी तेव्हाही काही बोललो नाही. मग त्यांनी गज सोडला आणि माझ्याकडे पाठ केली.