जुन्या बाईंची चिठ्ठी

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब सायलीला म्हणाले. दातेरी चाकं तपासायची लाईन सकाळपासून तिसऱ्यांदा बंद पडली होती. सगळी शिफ्ट उभी राहून बघत होती. सायली राजगुरुनगरहून यायची, नोकरीला चारच महिने झालेले. शेजारी जुन्या बाई होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मी चहाची किटली घेऊन दारात होते. मला बाईंचा राग आला.

चाकणच्या आमच्या कंपनीत मोजमापाचा प्रोग्रॅम या बाईंनीच लिहिलेला, सी भाषेत. नव्या लोकांना सगळं पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेत हवं होतं. बाई म्हणाल्या, "माझं गणित वीस वर्षं चुकलेलं नाही. तुमच्या पायथनने माझ्या सीला विचारावं आणि उत्तर घ्यावं." ती जोडणी करायचं काम सायलीकडे आलं, आणि लाईन तिथेच बंद पडत होती.

मी चौथी शिकलेली, कॅन्टीनमध्ये भांडी घासायचे. बाईंनी मला आपला डबा कधी धुऊ दिला नाही. एकदा उचलला तर खेकसल्या, "आक्का, ज्याने काढलं त्यानेच धुवायचं. दोघींनी हात घातला की घोळ होतो."

"मंग घासा की! माझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यासाठी पुरणपोळी आणली. तोही डबा स्वतःच धुतला.

लाईन बंद पडली त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. प्रोग्रॅम कागदावर छापून पेन्सिलीने खुणा करत बसल्या. चारच्या चहाला म्हणाल्या, "आक्का, साहेबांना बोलवा. सायलीलाही थांबवा."

सगळ्यांसमोर त्यांनी सायलीच्या टेबलावरची चिठ्ठी उचलली. अक्षर बाईंचंच होतं: उत्तरासाठी कॉम्प्युटरच्या मेमरीत घेतलेली जागा काम झाल्यावर मोकळी करणे.

"हिने तसंच केलं," बाई म्हणाल्या. "पण तीच जागा माझा प्रोग्रॅमही मोकळी करतो. मीच लिहिलं, मीच विसरले. एकच जागा दोनदा मोकळी केली की सगळं कोसळतं. चूक माझी."

"बाई, तुमचं वय झालं आता," साहेब म्हणाले.

"झालं. पण ही उद्या येणार."

सायलीने आपल्या प्रोग्रॅममधली एक ओळ काढून टाकली. लाईन चालू झाली, ती परत बंद पडली नाही. बाईंना महिनाअखेर घरी बसवलं. बसस्टॉपवर मी विचारलंच, "त्या सकाळी गप का बसलात?"

"खात्री नव्हती," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भीती वाटली, आक्का."

बाई गेल्या वर्षी वारल्या. लाईन आता सायली बघते. गणित अजून बाईंचंच चालतं.