उलट्या पिळाचा गुच्छ

गल्लीत तिला सगळे डावरी म्हणायचे. तोंडावर डावरीबाई, पाठ वळली की नुसती डावरी. तिला दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्ही चालायचं. चौतीस वर्षं तिने फुलांचं दुकान चालवलं. दुकान कसलं, खोलीच ती. पुढे काउंटर, मागे मोरी, मध्ये भिंतीला लागून पाण्याच्या बादल्या, आणि पायाखाली कायमचा ओल्या पानांचा चुरा. पण लग्नाचा गुच्छ म्हटलं की लोक तीन गल्ल्या ओलांडून तिच्याकडे यायचे, कारण ती पिळाचा गुच्छ बांधायची.

पिळाचा म्हणजे असा. एक देठ मुठीत धरायचा, दुसरा त्यावर तिरपा टाकायचा, मूठ जराशी फिरवायची, तिसरा टाकायचा. असे साठ देठ, सगळे एकाच बाजूला कलत गेले पाहिजेत. मध्येच खाली ठेवायचं नाही, मूठ सोडायची नाही. नीट जमलं तर मुठीजवळ कंबर बारीक राहते, वर फुलं छत्रीसारखी उघडतात, आणि गुच्छ टेबलावर ठेवला की आपल्या देठांवर आपण उभा राहतो. एक देठ उलटा पडला तरी सगळं अडकतं. बाकीचे लोक डाव्या मुठीत धरतात आणि उजव्याने देठ लावतात. डावरीचं सगळं उलट. धरायचं उजव्यात, लावायचं डाव्याने, म्हणून तिचा पीळही उलटा जायचा. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नसायचा आणि तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यापासून तिची उजवी मूठ आपली आपण उघडायला लागली. दुखायचं नाही, खुपायचं नाही. धरलेलं असायचं आणि पुढच्या क्षणाला बोटं सैल. डॉक्टर म्हणाले, मनगटाची शीर दबली आहे, पट्टा बांधा आणि हाताला विश्रांती द्या. पट्टा तिने बादल्यांच्या मागे टाकून दिला. दुकानाचं दार लावून तिने डाव्या मुठीत धरून पाहिलं. चौतीस वर्षांची सवय अशी थोडीच मोडते, दहा देठांतच गुंता झाला. मग तिने गिऱ्हाइकांच्या गळी फोमचे गुच्छ उतरवायला सुरुवात केली. हिरव्या फोमचा गोळा, त्याला प्लॅस्टिकचा दांडा, त्यात फुलं नुसती खोचायची. मूठ लागत नाही. आयुष्यभर या प्रकाराला ती कवळी म्हणत आली होती. आता सहा महिने ती स्वतःच कवळ्या बसवत होती.

हे कळता कामा नये अशी एकच व्यक्ती होती, तिची भावजय. भावजय वाईट नव्हती, तोच तर त्रास. तिच्या घरी मागच्या बाजूला शिवणाच्या मशीनची खोली होती, आणि वर्षातून चार वेळा ती म्हणायची, वन्सं, आता पुरे झालं, दुकान बंद करा, मशीन हलवते, तिथे सुखाने राहा. डावरीला त्या खोलीची खिडकी पाठ होती. समोर भिंत, भिंतीवर पाइप. तिथे बसून सुखाने काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हात गेल्याचं भावजयीला समजलं, तर आठवड्यात मशीन हललं असतं.

आणि लग्न निघालं ते भावजयीच्याच मुलीचं.

ही भाची लहानपणी शाळा सुटली की दुकानात येऊन उलट्या बादलीवर बसायची आणि फुलांचे देठ कुरतडायची, म्हणून आत्या तिला खारुताई म्हणायची. आता खारुताई सव्वीस वर्षांची झाली होती आणि आत्याशी तिचं थोडं बिनसलं होतं. नवरा मुलगा सायकली दुरुस्त करायचा. पहिल्यांदा भेटला तेव्हा दोन तासांत दोन शब्द बोलला, त्यातला एक "पाणी". तो गेल्यावर आत्याने सहज विचारलं, हा बोलतो तरी कधी गं? खारुताईच्या ते जिव्हारी लागलं. चार महिने झाले, ती दुकानाकडे फिरकली नव्हती.

शनिवारी लग्न. बुधवारी सकाळी अकराला मायलेकी गुच्छ ठरवायला आल्या. घाऊक फुलवाला शनिवारच्या फुलांची नोंद बुधवारी बारापर्यंतच घ्यायचा, त्यामुळे जे काय ठरायचं ते तासाभरात. डावरीने काउंटरवर दोन नमुने मांडून ठेवले होते. एक गोल, चेंडूसारखा गच्च. दुसरा ओघळता, खाली गुडघ्यापर्यंत वेल सोडलेला. दोन्ही फोमचे.

भावजयीला ओघळता बघताक्षणी आवडला. फोटोत भरून दिसेल म्हणाली. डावरीनेही त्याची एवढी तारीफ केली, की मागे पानं खुडत बसलेल्या बाईचे हात थांबले. ही बाई वीस वर्षं तिच्याकडे होती. हातात सदा कातर आणि जीभही तशीच धारदार, म्हणून तिचं नाव कातरबाई. कवळीचं एवढं कौतुक तिने मालकिणीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पण तिने मूग गिळले.

खारुताईने दोन्ही नमुने उचलून पाहिले, प्लॅस्टिकच्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि परत ठेवले.

"आणि तिसरा? पिळाचा?" ती म्हणाली.

डावरीने सांगितलं, तिसरा आता चालत नाही. लोकांना जड होतो. फुलं लवकर माना टाकतात. फोममध्ये पाणी असतं, संध्याकाळपर्यंत टवटवीत. बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं की आपण तीन कारणं दिली, आणि खऱ्या माणसाला एक पुरतं.

"फारच जोर लावून विकतेस तू," खारुताई म्हणाली. "मला नको हे. मला तू बांधलेला हवाय."

भावजय मध्ये पडली. वन्संना या वयात कशाला त्रास, असं काहीसं म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस.

खारुताई आईकडे वळलीच नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "आत्या, तुला तो पसंत नाही म्हणून तू माझा गुच्छ बांधणार नाहीस का? तसं असेल तर तसं सांग. मी गोल घेते आणि जाते."

आता काय बोलावं. खरं सांगितलं तर मशीनची खोली. न सांगितलं तर पोर मनात ही गाठ घेऊन लग्नाला उभी राहणार. डावरीने तिसरंच केलं. बादलीतून पांढरे गुलाब, शेवंती आणि हिरव्या फांद्या काढून काउंटरवर पसरल्या. म्हणाली, बस, नमुना करून दाखवते.

पहिले वीस देठ छान गेले. तिरपा टाकायचा, फिरवायचं, तिरपा टाकायचा. खारुताई काउंटरला कोपरं टेकून बघत होती, अगदी त्या बादलीवरून बघायची तशी. भावजय वेल सोडलेल्या गुच्छाकडे बघत होती, म्हणजे तिचा जीव अजून ओघळत्यातच होता. तिसाव्या देठाला डावरीला अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या आल्या. तिने मूठ आवळली. आवळली असं तिला वाटलं. पस्तिसावा लावला. अंगठा कुठे आहे ते कळेना म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत मूठ उघडली.

कातरबाई झटकन पुढे आली. फुलं खाली पडण्याआधीच तिने अख्खा जुडगा आपल्या डाव्या मुठीत पकडला. कौतुक करण्यासारखीच चपळाई. पण हात सवयीचा गुलाम, पकडल्या पकडल्या तिने जुडगा घट्ट करायला फिरवला, तिच्या बाजूला. देठ एकमेकांवर चढले. कट कट आवाज झाला आणि तीन गुलाब माना मोडून काउंटरवर पडले.

डावरीने उजवा हात पदराखाली घेतला, आणि तो तिथे घेतल्यानेच सगळं उघडं पडलं.

"कधीपासून?" भावजयीने विचारलं.

डावरीने सांगितलं, हिवाळ्यापासून. डॉक्टरांचं सांगितलं, पट्ट्याचंही सांगितलं. भावजयीने दीर्घ श्वास घेतला. त्या श्वासात डावरीला मशीन सरकवल्याचा आवाज आला. घड्याळात अकरा चाळीस. भावजय म्हणाली, मग प्रश्नच मिटला, ओघळता घेऊ, आणि लग्न झालं की आपण सविस्तर बोलू. त्या सविस्तरची डावरीला चांगली ओळख होती.

खारुताई काउंटरला वळसा घालून आत आली. बादलीतून दहा-बारा ताजे देठ घेतले, आत्याच्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि पहिला देठ धरला. उजव्या मुठीत. दुसरा तिने डाव्या हाताने तिरपा टाकला आणि मूठ फिरवली, आत्याच्या बाजूला. तिसरा. चौथा. लिहायला, जेवायला, दार उघडायला पोर उजव्या हाताचीच. पण गुच्छ बांधताना तिने आयुष्यात एकच माणूस पाहिलं होतं.

"मी धरते," ती म्हणाली. "तू लाव."

डावरी जागची हलली नाही. तिला भावजयीकडे बघायचं धाडस होईना. मग खारुताईने कोपराने तिला हलकेच ढोसलं, लहानपणी खाऊ मागताना ढोसायची तसं. डावरीने डावा हात पुढे केला. देठ लावला. भाचीने मूठ फिरवली. लावला, फिरवली. कातरबाई मागे उभी राहून आपल्या डाव्या हाताकडे असं बघत होती, जणू त्यानेच घात केला.

भावजय म्हणाली, नवरी मुलगी लग्नाच्या सकाळी फुलं बांधत बसली, तर नखांच्या रंगाचं काय होणार. देठांचा चीक हिरवा डाग पाडतो, तो सहज निघत नाही. खारुताई म्हणाली, नखं मग रंगवीन. भावजय म्हणाली, आणि केस? खारुताई म्हणाली, केसांनी थोडंच धरायचंय. भावजयीला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकावाटे निसटलं.

बाराला सात कमी असताना डावरीने फोन लावला. पांढरे गुलाब चाळीस, शेवंती वीस, हिरव्या फांद्या दोन जुड्या. घाऊकवाल्याने विचारलं, बाई, फोम किती पाठवू? ती म्हणाली, या खेपेला नको.

शनिवारी सात वाजता नवरी डोक्याला रोलर लावून दुकानात हजर. दीड तास लागला. दोनदा दोघींच्या हातांचा ताल चुकला, एकदा अठ्ठावीस देठ सोडून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दोऱ्याची गाठ तिने दातांनी ओढली. गुच्छ टेबलावर ठेवला. किंचित डावीकडे झुकला, मग उभा राहिला. नवरी मुठीची उघडझाप करत म्हणाली, तू इतकी वर्षं एकटी धरत होतीस? खाली सांडलेली पानं डावरी पायाने गोळा करत राहिली.

हॉलमध्ये ती दुसऱ्या रांगेत बसली. सह्या झाल्या, फोटो झाले. गुच्छ हातात धरायची पाळी नवऱ्या मुलावर आली, कारण नवरीला पाणी प्यायचं होतं. त्याने तो घेतला, फुलांकडे पाहिलंच नाही, उलटा करून खालचे देठ बघायला लागला. एका देठावरून बोट फिरवत वर गेला. मग थेट डावरीसमोर येऊन उभा राहिला.

"डावे आटे आहेत," तो म्हणाला. "सायकलच्या डाव्या पायडलला असेच असतात. उजवे घातले तर चालवता चालवता सुटतात."

एवढं बोलून तो थांबला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं. डावरी म्हणाली, बरोबर ओळखलंस बाबा. चौतीस वर्षांत पहिला.

शेजारच्या खुर्चीवर भावजय होती. तिने ऐकलं सगळं. समोर बघतच ती म्हणाली की मशीनची खोली तिने अजून रिकामी केलेली नाही. डावरी म्हणाली, नको करूस. विषय संपला असं नाही, पण त्या दिवसापुरता तो बाजूला सरकला.

सोमवारी डावरीने बादल्यांच्या मागून पट्टा काढला, झटकला आणि मनगटाला बांधला. मग कातरबाईला समोर बोलावून तिच्या उजव्या मुठीत देठ दिला. कातरबाई पंचावन्नची. पहिल्या तासात तिने अकरा गुलाब मोडले आणि मालकिणीच्या डावरेपणाचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला.

"फिरव," डावरी म्हणाली, आणि पुढचा देठ लावला.