एकटीचा मास्क

खेळाच्या बाईंनी मास्क माझ्या हातात दिला नाही. लाकडी फूटपट्टीच्या टोकाला त्याची नाडी अडकवली आणि पट्टी लांबूनच माझ्यापुढं धरली. घरात निघालेला विंचू बाहेर टाकताना धरतात, तशी.

"हा बांध. मॅच संपेपर्यंत काढायचा नाही."

मी विचारलं, "आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांच्या आया त्या वॉर्डात झाडायला जात नाहीत."

शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेचं मैदान. दोन हजार नऊ सालचा स्वाइन फ्लूचा पावसाळा. कबड्डीच्या टीममध्ये आम्ही बारा जणी. मास्क एक.

आई सरकारी दवाखान्यात सफाईला होती. त्या साली तिला स्वाइन फ्लूच्या वॉर्डात टाकलेलं. पहाटे उचगावातनं निघायची, तोंडाला मास्क बांधून फरशी पुसायची. संध्याकाळी घरी आली की आधी न्हाणीत, मग आमच्याजवळ. आईएवढी स्वच्छ बाई मी अजून बघितली नाही. साबण तिला घाबरायचा.

आणि मी चढाईला जायची. माझा दम असा, की मी पेठेत 'कबड्डी कबड्डी' सुरू केलं की उचगावातल्या म्हशी पान्हा चोरायच्या. थोडं वाढवून सांगते, पण थोडंच. त्या दिवशी इचलकरंजीत मॅच होती आणि जिल्हा संघ निवडणारे बघायला येणार होते. बाईच महिनाभर म्हणत होत्या, तुझं नाव पक्कं समज. जिल्ह्याचा ट्रॅकसूट घालून उचगावच्या बसमधनं उतरायचं, एवढंच स्वप्न. त्या स्वप्नात मी रोज चार वेळा उतरत होते.

बांधला मास्क. का नाही बांधायचा? आई बांधत होतीच की.

वडापची, एरवी शीटावर पैसे घेऊन माणसं कोंबणारी जीप ठरवलेली. मला सगळ्यात मागं, पिशव्यांच्या ढिगात बसवलं. पुढं खिडकीशी आमची कॅप्टन. कापडाच्या दुकानवाल्या शेठची पोरगी. आमच्या जर्सीच्या पाठीवर त्या दुकानाचंच नाव. कालच पुण्याहून मावशीकडनं आलेली, आणि त्या दिवसांत पेपरभर पुण्याचाच ताप. ती असली खोकत होती की जीपच्या काचा वाजत होत्या. बाईंनी तिला खडीसाखर दिली. पाठीवरनं हात फिरवला. "वारं लागलं असेल गं."

मास्क मागंच.

मॅच सुरू झाली. पहिल्याच चढाईत मी दोघींना शिवून मध्यरेषेवर परत आले. शिट्टी. पंच म्हणाले, "दम ऐकू आला न्हाई. गुण त्यांना."

कबड्डीत नियमच आहे. तोंडातला शब्द पंचाच्या कानावर पडला पाहिजे, नाहीतर चढाई गेली. आता तोंडावर दोन पदरी कापड, त्यात घामानं भिजून नाकाला चिकटलेलं. माझ्या म्हशी घाबरवणाऱ्या दमाची मधमाशी झाली. दुसऱ्या चढाईला पण तेच. मी कापड जरा खाली ओढलं तर बाहेरनं बाई ओरडल्या, "हात लावू नको त्याला."

मग आम्ही पकडीला उभ्या राहिलो. मी डाव्या कोपऱ्यात, माझ्या शेजारी कॅप्टन. पकड करायची तर शेजारणीचा हात घट्ट धरून साखळी करावी लागते. मी हात पुढं केला. तिनं आपला हात जर्सीच्या बाहीत ओढून घेतला. कासव डोकं आत घेतंय तसा. समोरची चढाईवाली आमच्या दोघींमधल्या फटीतनं शिवून आरामात निघून गेली. त्या फटीतनं उसाचा ट्रक गेला असता.

"बाई, ही पकडतच न्हाई की," कॅप्टन म्हणाली.

मला तिथं लख्ख आठवलं. डबा खाताना ती माझ्या भाजीला कधी हात लावायची नाही. सरावात माझ्या शेजारी उभी राहिली की दर वेळी हाताला काहीतरी लागलेलं असायचं. मी समजायची, नाजूक आहे. नाजूक नव्हती. तिला कारण सापडत नव्हतं, ते स्वाइन फ्लूनं आणून दिलं.

मध्यंतर झालं. मी बाईंसमोर गेले.

"बाई, वॉर्डात डॉक्टर बांधत्यात, नर्स बांधत्यात, माझी आई बांधती. तिथं समद्यास्नी सारखं. हितंबी समद्यास्नी द्या. आधी कॅप्टनला द्या, तिला खोकला हाय."

कॅप्टन खोकली.

बाई म्हणाल्या, "तुझ्यासारखीला टीममध्ये घेतलं, हीच माझी चूक."

'तुझ्यासारखी' म्हणजे कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी मास्क काढला नाही. जर्सी काढली. आत शाळेचा पांढरा शर्ट होता. घामानं जड झालेली ती जर्सी निवडवाल्यांच्या टेबलावर ठेवली आणि मास्कमधनंच म्हणाले, "मास्कला माझी ना न्हाई. माझ्या एकटीच्या मास्कला हाय. समद्यांनी बांधला तर खेळते."

एक निवडवाले कागदात बघू लागले. दुसरे म्हणाले, "बाळ, हा तुमच्या शाळेचा अंतर्गत प्रश्न आहे."

माझ्या जागी राखीव पोरगी उतरली. आम्ही हरलो. मी सांगताना पन्नास गुणांनी हरलो म्हणते, खरं तर नऊच. जिल्ह्याच्या यादीत माझं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या यादीतही नाही. कॅप्टन आठवडाभर तापानं घरी होती. तिला काय झालं होतं, ते कुणी तपासलं नाही. आईला तपासून घ्या म्हणून शाळेचा निरोप आला तो आमच्या घरी. आईचा अहवाल चांगला निघाला. तो शाळेत कुणी मागितला नाही.

आई म्हणाली, "गप खेळली असतीस तर जिल्ह्यात गेली असतीस, पोरी."

गेले असते. ती जळजळ अजून पोटात आहे आणि कुणी ती विझवायला येऊ नये. पण मी नियमाच्या आड कधीच नव्हते. सगळ्यांसाठी असलेला नियम पहिली मी पाळीन. माझ्या एकटीसाठी काढलेला नियम पाळणार नाही. ट्रॅकसूटसाठी नाही, पुढं नोकरीसाठी नाही, आईनं हात जोडले तरी नाही. तो का काढला, ते चारचौघांत विचारीन. उत्तर मिळेपर्यंत तिथनं हलणार नाही. तेवढ्यापायी मॅच थांबली, तर थांबू दे.