दादाची पेन्शन आणि बंद पडलेला पगार

माझा थोरला भाऊ नेकनूरला राहतो. त्याला दिसत नाही. पण हे जन्मापासूनचं नाही. तरुणपणी तो माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होता. दिवाळी झाली की जायचा, उन्हाळ्यात परत यायचा. मग काचबिंदूनं आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही जायला लागलं. एकदा लोखंडी जिन्यावरून पाय चुकून पडला, तेव्हा आपणच काम सोडून घरी आला. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आणि ती आली नाही.

मी बीडला शिक्षिका आहे. सगळ्या भावंडांत लिहितावाचता नीट मलाच येतं, त्यामुळे दादाचं सरकारदरबारचं जे काही असेल ते माझ्याकडे. त्याला तहसीलमधून निराधारांचं अनुदान मिळायचं. आमच्याकडे त्याला सगळे पगारच म्हणतात. 'पगार झाला का', 'पगार अडकला', असं. दादाला ते नाव आवडायचं नाही. "पगार काम केल्यावर मिळतो बाई," तो म्हणायचा. "ह्ये काम न करता मिळतंय, ह्याला दुसरं कायतरी म्हणा."

या पगाराला एक अट आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या आकड्याच्या आत पाहिजे. वहिनी रोजानं जाते, दोन-चार शेळ्या आहेत, जमीन नावालाच. त्यामुळे तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला दरवर्षी बिनबोभाट निघायचा.

आता पेन्शनचं सांगते. कारखान्यात दादाच्या पगारातून फंड कापला जायचा आणि त्यातला थोडा भाग पेन्शनकडे जायचा. महिन्याची पेन्शन मिळायला दहा वर्षं नोकरी भरावी लागते. दादाची भरली नाही. अशा माणसाला पेन्शनऐवजी एकदाच रक्कम मिळते, आणि विषय संपतो. ती रक्कम मागायचा अर्ज मी भरला होता, पण कारखान्याच्या कागदावर दादाच्या नावात वेलांटी ऱ्हस्व होती आणि आधारवर दीर्घ. त्या वेलांटीपायी वर्षांमागून वर्षं गेली. मी आशा सोडली होती. दादानं नव्हती सोडली. "माझं कापलेलं हाय, जाईल कुठं," एवढंच म्हणायचा.

आणि एके दिवशी ते पैसे आले. बँकेचा संदेश वहिनीच्या फोनवर आला, तिनं शेजारणीकडून वाचून घेतला, आणि दादानं मला फोन केला. त्याचा आवाज मी इतका मोकळा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"आलं बघ," तो म्हणाला. "माझं आलं."

त्या पैशाचं काय करायचं हे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांचा संडास घरापासून लांब, गल्लीच्या टोकाला होता. दादाला तिथं न्यायला वहिनी लागायची. ती कामावर गेलेली असली की तो कुणीतरी येईपर्यंत बसून राहायचा. पाणी कमी प्यायचा, जेवण कमी करायचा. हे मला वहिनीनं सांगितलं होतं, त्यानं कधीच नाही. त्यानं गवंडी बोलावला आणि राहत्या खोलीला लागूनच संडास आणि न्हाणी बांधून घेतली. खाटेपासून तिथपर्यंत भिंतीला लोखंडी नळीचा कठडा बसवला. फरशी खरखरीत पाहिजे, गुळगुळीत नको, हे त्यानं गवंड्याला पुन्हापुन्हा सांगितलं. रक्कम फार मोठी नव्हतीच. बांधकामात ती जवळजवळ सगळी गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी तलाठी गावात आला. वर्षाचे दाखले काढायचे होते. मी त्या दिवशी नेकनूरलाच होते. ग्रामपंचायतीत टेबल मांडलं होतं आणि म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. तलाठी तरुण होता, वागायला चांगला. दादाला त्यानं खुर्ची दिली.

"काका, उत्पन्न मागच्याइतकंच ना?" त्यानं विचारलं. तो उत्तर न ऐकताच लिहायला लागला होता.

"न्हाई," दादा म्हणाला. "या वर्साला माझी पेन्शन आलीय." आणि रक्कमही सांगितली.

तलाठ्याचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती एकदाच आलेली आहे. जुनी आहे. खर्चही झाली."

"मॅडम, पण यांनी सांगितलं ना," तो हळू आवाजात म्हणाला. "चार माणसांसमोर सांगितलं. आता मी कसं सोडू? उद्या कुणी तक्रार केली तर माझ्यावर येतं."

मी दादाला बाजूला घेतलं. "तुला कुणी विचारलं होतं का पेन्शनचं?"

"त्यानं उत्पन्न इचारलं."

"त्यानं मागच्याइतकंच का म्हणून विचारलं होतं. हो म्हणायचं होतं."

"मागच्याइतकं नव्हतं तर हो कावून म्हणू?"

त्याचं बरोबर होतं, हाच तर खरा त्रास होता. दाखल्यावर पेन्शनची रक्कम चढली, उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं, आणि पुढच्या महिन्यात पगार आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

मी शाळेतून रजा काढून तहसीलला गेले. निराधारच्या टेबलावरचे कारकून पन्नाशीचे, डोक्याला मफलर बांधलेले. त्यांनी संगणकात पाहिलं आणि म्हणाले, "उत्पन्न जास्त. केस बंद."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ही रक्कम एका वर्षाची कमाई नाही. कितीतरी हंगामांत थोडी थोडी कापलेली आहे. ती त्या त्या वर्षांवर वाटली तर एकाही वर्षी मर्यादा ओलांडत नाही. शिवाय ती उरलेलीही नाही.

कारकुनांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, कधी कमावले ते आम्ही बघत नाही. कशावर गेले तेही बघत नाही. या वर्षी आले का, एवढंच बघतो."

"म्हणजे तुमच्या हिशोबानं हा माणूस या वर्षी पैसेवाला झाला."

"कागदावर झाला."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी परत गरीब होईल. तेव्हा दाखला काढा नि नवीन अर्ज करा."

"नवीन का? याचीच केस परत सुरू करा ना."

"बंद झालेली केस उघडायची सोयच नाही यात," असं म्हणून त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मी वाकून पाहिलं. खरंच तसं बटण नव्हतं.

मी वरच्या साहेबांना भेटले. ते म्हणाले, अर्ज द्या, बघतो. अर्ज दिला. आठवड्यानं गेले तर साहेब निवडणुकीच्या कामावर होते. पुन्हा गेले तर बदली झाली होती. नव्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला, मी तेच उत्तर दिलं, आणि त्यांनी मला त्याच कारकुनाकडे पाठवलं. कारकून मला पाहून म्हणाले, "बसा मॅडम, चहा घेणार का?" त्यांचा मला रागही येईना. राग धरण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं, आणि त्यानंच मी जास्त वैतागले.

फाटकाबाहेर चहाच्या गाड्याजवळ एक माणूस अशा कामांसाठीच उभा असायचा. त्यानं आपणहून मला गाठलं. "कशाला हेलपाटे मारता ताई? दाखला दुसरा काढू, पेन्शन दाखवायचीच नाही. थोडेफार लागतील." मी नाही म्हटलं नाही. भावाला विचारते म्हटलं. त्या वेळी मला खरंच वाटत होतं की करून टाकावं.

दादाला विचारलं तेव्हा तो खाटेवर बसून शेळीच्या पिल्लाला खाजवत होता.

"म्हंजी पेन्शन मिळालीच न्हाई असं लिवायचं?" त्यानं विचारलं.

"फक्त कागदावर."

"न्हाई जमायचं. हंगामामागून हंगाम काढलेत म्या तिथं. हातपाय भाजलेत. ती येवढीच गोष्ट माझ्या कष्टाची हाय. तीच खोटी म्हणू?"

"मग वर्षभर काय खाणार?"

"जे खायलोय तेच."

त्याचं हे बोलणं ऐकून वहिनी आतून बाहेर आली. ती एरवी माझ्यासमोर फार बोलत नाही. "ह्येंनी खरं बोलायचं नि म्या दुप्पट रोज करायचा," ती म्हणाली. "लई सोपं हाय खरं बोलणं." मला वाटलं होतं ती पुढं काही म्हणेल, त्या माणसाकडे जा म्हणेल. पण ती चूल पेटवायला निघून गेली, आणि मीही त्या माणसाला पुन्हा भेटले नाही.

ते वर्ष वहिनीनं ओढलं. ऊस खुरपायला, कापूस वेचायला, लग्नाच्या घरी भाकरी थापायला, जिथं मिळेल तिथं गेली. एक शेळी विकली. मी महिन्याला जमेल ते देत होते, आणि दरवेळी दादा विचारायचा, "ह्येबी उत्पन्नात धरतील का?" तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच भीती बसली होती.

एप्रिल उलटला. नवीन वर्षाचा दाखला निघाला, उत्पन्न पुन्हा मर्यादेच्या आत आलं, आणि नवीन अर्जाचं काम सुरू झालं. नवीन अर्जदार म्हणून दादाला तो आंधळा आहे हे नव्यानं सिद्ध करायचं होतं. जुनं प्रमाणपत्र कागदी होतं, ते आता चालत नव्हतं. बीडला शिबिरात गेलो. सकाळपासून रांगेत. आमच्यापुढं पाय नसलेला एक माणूस रांगेबरोबर फरशीवर सरकत होता. शेवटी दादाचा नंबर आला. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी जुनं प्रमाणपत्र पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "बाबा, यात तर कायमचं लिहिलंय. मग परत कशाला आलात?"

"दिसायला लागलंय का ते बघाया पाठवलंय," दादा म्हणाला.

बाईंनी मान खाली घालून सही केली.

मग ऑनलाइन केंद्र. अर्जदार जिवंत आहे आणि तोच आहे, हे यंत्राला पटावं लागतं. दादाच्या बोटांचे ठसे कारखान्यातच गुळगुळीत झालेले. यंत्रानं ते घेतले नाहीत. मग केंद्रवाला म्हणाला, "चेहऱ्यानं करू." त्यानं मोबाइल दादासमोर धरला. "काका, त्या गोलात बघा."

"कुठल्या गोलात?"

"या समोरच्या."

"मला दिसत न्हाई बाबा, त्याच्यासाठीच तर आलोय."

केंद्रवाला खजील झाला. मी दादाची हनुवटी धरून चेहरा सरळ केला. मोबाइलनं सांगितलं, डोळे मिचकावा. दादानं मिचकावले. मोबाइलनं सांगितलं, पुन्हा प्रयत्न करा. आम्ही पुन्हा केला. उजेडात बसवलं, टोपी काढली, भिंतीला टेकवलं. कित्येकदा झालं असेल. दादा मुकाट्यानं डोळे उघडझाप करत होता, आणि त्याच्या त्या बिनकामाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी केंद्रवाल्यावर ओरडले. त्याचा काय दोष होता. तो म्हणाला, "मॅडम, मी काय करू, सर्व्हर घेत नाही." शेवटी एकदा कसं कोण जाणे, यंत्राला तो दादाच असल्याचं पटलं.

त्यानंतरही अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक व्हायला पावसाळा निम्मा गेला. पण अर्ज मंजूर झाला. पगार सुरू झाला. वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. बाहेर येऊन ऐकलं. "झाला एकदाचा," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, दमणूक होती.

मधल्या महिन्यांचे पैसे मिळतील का, म्हणून मी पुन्हा तहसीलला गेले. मफलरवाले कारकून निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक मुलगी बसली होती, नुकतीच लागलेली. तिनं अर्ज घेतला, वाचला, दोनदा वाचला.

"मॅडम, म्हणजे यांना कारखान्याची पेन्शन मिळाली म्हणून निराधारची पेन्शन बंद झाली?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि ती कारखान्याची पेन्शन परत मिळणार नव्हती?"

"नाही. एकदाच."

तिनं शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाली, "वर पाठवते. पण मागचं देत नाहीत कुणालाच."

दादाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सोड आता. रजा किती काढशील."

मी सोडलेलं नाही. महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर तहसीलवरून घरी जाते. ती मुलगी मला लांबूनच ओळखते आणि मान हलवून नाही म्हणते. तरी मी टेबलापर्यंत जाते आणि तिला बोलून नाही म्हणायला लावते.