खंडेनवमीला बुडवलेली होडी

अनघाताईंनी जपानीत बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, “ही फळी कुजली आहे.” वर्गातल्या बाकीच्या बायका तेव्हा ‘आज हवा छान आहे’ घोकत होत्या. जपानी शिकवणाऱ्या मंडळींनी सगळ्यांना चिबातल्या एका तळ्याकाठी सहलीला नेलं होतं. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक चपटी, लांबुडकी होडी पालथी ठेवलेली होती. ताईंनी तिच्यावर टकटक केलं आणि निकाल देऊन टाकला. शेडचे मालक नेमोतो-सान, वय ऐंशीच्या पुढे, इतके हसले की त्यांना धरून खाली बसवावं लागलं. बसल्या बसल्या त्यांनी ताईंच्या हातात हातोडी दिली.

अनघाताई विट्याच्या सुताराची मुलगी. वडील दारं, देव्हारे, पाट करायचे आणि फळीचं दुसरं टोक धरायला ही. पुढे शिक्षण, लग्न, आणि नवऱ्याच्या, अंबरीषदादाच्या, कंपनीच्या कृपेने जपानात ग्योतोकुचा फ्लॅट, जिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं. सुताराच्या लेकीला याहून मोठी शिक्षा कुठली? त्या सहलीनंतर दर शनिवारी ताई तळ्यावर जाऊ लागल्या. मी त्यांच्याच इमारतीत राहतो आणि मला पोळ्या येत नाहीत, त्यामुळे डब्याच्या आशेने फळ्या उचलायला मीही.

होडी बदकांच्या शिकारीची. काठ इतके बुटके, की शिकारी आत पालथा झोपला तर बदकांना पत्ताच लागू नये. नेमोतो-सानांच्या वडिलांनी ती बांधली होती. नेमोतो-सानांनीही आयुष्यभर अशाच होड्या बांधल्या. आता त्या तळ्यावर कुणी शिकार करत नाही. बदकांवर रोखले जातात ते कॅमेरे, आणि तेही बंदुकीपेक्षा लांब. नेमोतो-सानांचे हात आताशा थरथरायचे. म्हणून ते स्टुलावर बसून बोलायचे आणि ताई ठोकायच्या. जपानी करवत ओढताना कापते, आपली ढकलताना. ताई कितीतरी दिवस ढकलतच होत्या.

“अनाघा-सान, करवत तुमच्यावर रुसली आहे,” नेमोतो-सान म्हणायचे.

“त्यांना सांग, सासरी आलेय मी, वेळ लागणारच.” हे भाषांतर माझ्या गळ्यात.

फळ्या जोडायची रीत तर और होती. दोन्ही कडा हातोडीने ठोकून ठोकून आधी दाबून टाकायच्या, मग जोडायच्या. होडी पाण्यात गेली की दबलेलं लाकूड फुगतं आणि सांधा आपला आपण मिटतो.

गेल्या ऑक्टोबरात कळलं, की नेमोतो-सानांना आता एकटं राहणं जमणार नाही. मुलगी सोमवारी येऊन त्यांना सेंदाईला नेणार, शेडला कुलूप लागणार. त्याआधी एकदा वडिलांच्या होडीतून तळ्यावर जायचं, एवढंच त्यांनी मागितलं. शनिवारी आम्ही होडी पाण्यात उतरवली. उन्हाळाभर सुकलेली ती, चहूकडून गळायला लागली.

“सांध्यांत काथ्या ठोका,” नेमोतो-सान म्हणाले. “पटाशी घ्या, लवकर.”

ताई जागच्या हलल्या नाहीत. त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळीच त्यांनी शेडमधली झाडून सगळी हत्यारं धुऊन, पुसून फळीवर मांडली होती, हळदकुंकू वाहिलं होतं, वर झेंडू. नेमोतो-सानांना वाटलं होतं, निरोपाची सजावट आहे.

“आज नाही,” ताई म्हणाल्या. “आज हत्यार चालवायचं नसतं.”

त्या दिवशी सोबत आलेल्या अंबरीषदादाने बॅगेतून एम-सील काढलं. पुण्याहून येताना तो लोणचं विसरतो, एम-सील विसरत नाही. “हे हत्यार नाही. हे औषध आहे.”

“ठेव ते आत! लाकडाला फुगायचंय, त्याच्या तोंडात बोळा कोंबू नकोस.”

“ताई, हत्यारं जपानी आहेत,” मी म्हणालो. “त्यांना कुठली नवमी?”

“तुला तरी कुठली? सकाळी मोबाइलवर बघितलीस.”

पण समोर म्हातारा माणूस, आणि हाती उरलेला एक दिवस. त्या नेमोतो-सानांपुढे उकिडव्या बसल्या आणि मोडक्यातोडक्या जपानीत, मला मध्ये न घेता, म्हणाल्या, “माझे बाबा वर्षभर यांच्या जिवावर आम्हाला जेवायला घालायचे. एक दिवस यांचे उपकार मानायचे. ही तर तुमची हत्यारं. किती वर्षं राबली. तुम्ही म्हणालात तर घेते पटाशी. पण तुम्ही म्हणा.”

नेमोतो-सान झेंडूच्या फुलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माझी आई वर्षातून एकदा मोडक्या सुया तोफूत खोचायची. कडक कापडात राबल्या, आता मऊ जागी झोपू दे म्हणून. त्या दिवशी आमच्याकडे शिवण बंद.” आणि मग म्हणाले, “बुडवा.”

“काय?”

“होडी. पाण्याने भरून बुडवून ठेवा. लाकूड फुगायला खरं तर दोन-तीन दिवस लागतात. आपल्याकडे एक आहे.” मग ताईंकडे बघून मिश्कील हसले. “हत्यारांना सुट्टी देणारं घराणं आधी भेटलं असतं, तर मी तिथेच नोकरी धरली असती.”

आम्ही बादल्यांनी होडी भरली, वाळूची पोती टाकली आणि ज्या होडीसाठी ताईंनी वर्ष घातलं, ती आपल्या हातांनी बुडवली. परतताना गाडीत ताईंना अंबरीषदादाने दोनदा विचारलं, काही खाणार का. तिसऱ्यांदा त्याने न विचारता स्टेशनवरून भाताच्या गोळ्याची ओनिगिरी आणली, आणि ती त्यांनी खाल्ली.

रविवारी पोती काढली, पाणी उपसलं. होडी वर आली आणि वरच राहिली. एक सांधा मात्र हट्टी निघाला, झिरपतच होता. म्हणून मागे ताई बांबू घेऊन, मध्ये मी पाणी उपसायला डबा घेऊन, आणि पुढे नेमोतो-सान.

तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर ते सावकाश पालथे झोपले. ओल्या तळावर, चांगल्या कोटासकट. मी उपसणं थांबवलं. बदकांचा थवा आमच्यापासून हातभर अंतरावरून निवांत पोहत गेला. मग नेमोतो-सानांनी फळीला गाल टेकवला आणि हळूच म्हणाले, “ओत्सुकारे-सामा.” दिवसाचं काम संपल्यावर इथली माणसं एकमेकांना म्हणतात ते, दमलात, खूप केलंत.

ताईंनी पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसले. “नेमोतो-सान, भिजताय तुम्ही. तुमची लेक आजच आलीय, काठावर उभी आहे बघा.”

“माझीच लेक आहे, थांबेल,” ते तसेच पडून म्हणाले. “अनाघा-सान, अजून एक फेरी.”

ताईंनी बांबू रोवला, आणि मी उपसायला लागलो.